कथा सुटली तरी सूर सुटत नाही

परदेशी ऑपेरा, म्हणजेच संगीतिका, ऐकायला बसले की घरातून हमखास प्रश्न येतो, "त्यातले काही कळते का?" प्रश्न रास्त आहे. भाषा इटालियन आणि कथा तर विचारूच नका! पण कळत नाही म्हणून उठून जावे काय? आम्हाला तसे वाटत नाही.

ज्युसेप्पे व्हर्दी या इटालियन संगीतकाराची ‘इल त्रोव्हातोरे’ घ्या. १९ जानेवारी १८५३ रोजी रोममध्ये तिचा पहिला प्रयोग झाला. कथा पंधराव्या शतकातील स्पेनची. अझुचेना ही जिप्सी बाई. सरदाराच्या तान्ह्या मुलावर करणी केल्याचा आळ घेऊन तिच्या आईला जिवंत जाळलेले. सूड म्हणून अझुचेना ते मूल पळवते आणि भ्रमाच्या भरात स्वतःचेच लेकरू आगीत टाकते. शत्रूचे मूल मग ती आपले म्हणून वाढवते. तोच मान्रिको. पुढे तो सख्ख्या भावाशी लढतो, आणि नाते दोघांनाही ठाऊक नाही!

गोंधळ होतो, कारण मूळ घटना पडदा उघडण्याच्या कितीतरी वर्षे आधीच घडलेली आहे. ती पात्रांच्या गाण्यातून ऐकायची. लढायाही अंकांच्या मधल्या काळात उरकतात. त्यात संहिताकार काम्मारानो हे काम पुरे होण्याआधीच १८५२ मध्ये वारले. उरलेला भाग बार्दारे यांनी लिहिला.

तरीही दीडशेहून अधिक वर्षे लोक ही संगीतिका ऐकत आहेत. का, ते दुसऱ्या अंकाच्या आरंभी कळते. पहाट होते, जिप्सी कामाला लागतात आणि ऐरणीवर हातोडे पडू लागतात. तो ठोका हाच गाण्याचा ताल. कष्टाचा ताल ओळखायला इटालियन कशाला यायला हवी?

लगेच अझुचेना आईला जाळणाऱ्या त्या आगीचे गाणे गाते. सूर फिरून फिरून तिथेच येतो, जशी वाईट आठवण डोक्यातून जात नाही. चौथ्या अंकात मान्रिको बुरुजात कैद, बाहेर त्याची प्रिया लिओनोरा आणि आतून मरणाऱ्यांसाठी प्रार्थना. तिघे एकदम बोलले तर गलका होतो. गाण्यात मात्र सगळ्यांचे दुःख वेगवेगळे ऐकू येते.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. कथा आधी थोडक्यात वाचून घ्यावी. पहिल्या खेपेस सगळे ऐकण्याचा हट्ट नको, ही तीन ठिकाणे ऐकावीत. मुलांनाही जवळ बसवावे. कथेतला एकच धागा धरून ठेवावा, की करणीच्या खोट्या आळापायी एक बाई जाळली गेली आणि दोन घरे उद्ध्वस्त झाली.

हे संगीत बड्या लोकांचे, आपल्याला त्यातले काय कळणार, असे कोणी म्हणाले तर त्यांना ऐरणीचे गाणे ऐकवा. कान सर्वांनाच सारखे असतात.