जोडपदवी घ्यायची, पण हप्ता कोण भरणार?



बी.एस्सी. ॲग्री झालेलं पोरगं घरात असलं की हल्ली एक नवा विषय निघतो. नुसती एम.बी.ए. नको, परदेशी विद्यापीठाशी जोडलेली हवी. काही शिक्षण इथं, काही तिकडं, आणि कागदावर दोन शिक्के. गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन पोरगं बापापुढं बसतं आणि बाप मनातल्या मनात उसाचं बिल मोजू लागतो.

व्यवस्थापनाचं शिक्षण शेतकऱ्याच्या घरात यायला हवं, यात वाद नाही. माल पिकवायला आपण कुणाला हार जात नाही, विकायला गेलो की हरतो. पण ही जोडपदवी तुमच्या पोराच्या कामाची आहे का, हे माहितीपत्रक सांगणार नाही. ते घरातच ठरवावं लागेल.

आधी नावांचा घोळ समजून घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, २०२२ साली याचे नियम केले. संयुक्त पदवी म्हणजे दोन संस्थांनी मिळून आखलेला एकच अभ्यासक्रम आणि एकच प्रमाणपत्र. त्यात प्रत्येक संस्थेकडचा वाटा किमान ३० टक्के असावा लागतो. दुहेरी पदवीत दोन्ही संस्था आपापली पदवी देतात. ‘ट्विनिंग’मध्ये पदवी इथल्याच संस्थेची, थोडा भाग तिकडं शिकायचा. घरबसल्या ऑनलाइन चालणारे अभ्यासक्रम या नियमांत बसत नाहीत. परदेशी विद्यापीठाचं नाव लावून दुकान चालवण्याची, म्हणजे फ्रँचायझीची, मुभाही त्यात नाही. शिकवणी कंपन्यांशी हातमिळवणी करून परदेशी पदव्या वाटणाऱ्यांविरुद्ध यूजीसीनं डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर इशारा दिला होता. म्हणून तालुक्याच्या गावी हॉटेलात सेमिनार भरवून ‘आजच सीट बुक करा’ म्हणणारा भेटला, तर चहा प्या आणि घरी या.

आता खरं दुखणं. पदवी अस्सल आहे, संस्था नामांकित आहे असं धरून चाला, आणि हिशोब मांडा. समजा, दोन वर्षांसाठी दहा लाखांचं कर्ज काढलं, दरवर्षी पाच लाख. परदेशातला राहण्या-खाण्याचा खर्च धरला तर एवढ्यात भागणारही नाही, पण धरू. व्याज १० टक्के. शिकेपर्यंत आणि वर एक वर्ष हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. हप्ता सुरू होईल तेव्हा सरळ व्याजानं धरलं तरी अंगावर साडेबारा लाख झालेले असतात. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे साडेसोळा हजार.

हा आकडा एका बाजूला ठेवा आणि दुसऱ्या बाजूला आपल्या गावची शेतकरी उत्पादक कंपनी. केंद्रानं २०२० साली दहा हजार कंपन्यांची योजना आणली. एका कंपनीला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत, आणि त्यातच व्यवस्थापकाच्या पगारासाठी महिन्याला २५ हजारांपर्यंत तरतूद. शेतीचं आणि धंद्याचं दोन्ही कळणारं पोरगं नेमकं इथंच हवंय. अशा किती कंपन्यांचा कारभार आज अध्यक्षांच्या पुतण्याकडं असतो, ते तुम्हाला ठाऊक आहे! पण पंचवीस हजारांतून साडेसोळा गेले तर राहिले साडेआठ. त्यात त्यानं काय खावं आणि मोटारसायकलीत काय घालावं? मग ते पोरगं पुण्या-मुंबईला बी-बियाणाच्या किंवा बँकेच्या नोकरीत जातं. ते गावाला विसरलं म्हणून नव्हे, हप्ता त्याला परत येऊ देत नाही म्हणून.

तेव्हा पोराला पहिला प्रश्न हा विचारा: शिकून तू कुठं बसणार? निर्यातीत, मोठ्या अन्नप्रक्रिया कंपनीत, परदेशात नोकरी करायची असेल तर दोन शिक्क्यांना किंमत आहे. तिकडची बाजारपेठ, तिकडचे लोक ओळखीचे होतात. तिथं जरूर धाडस करावं. पण द्राक्षाचं शीतगृह, दुधाची संस्था, डाळमिल असं काही इथंच उभं करायचं असेल, तर त्या शिक्क्याला इथला व्यापारी किंवा जिल्हा बँकेचा शाखाधिकारी विचारणार नाही.

त्यासाठी देशातल्याच वाटा बऱ्या. हैदराबादची ‘मॅनेज’ ही केंद्र सरकारची संस्था १९९६ पासून कृषी व्यवसाय व्यवस्थापन शिकवते. पुण्यात वैकुंठ मेहता सहकार संस्था आहे. आणंदची ‘इर्मा’ १९७९ पासून आहे आणि २०२५ मध्ये ती त्रिभुवन सहकारी विद्यापीठात सामील झाली. तिथं पोरांना खेड्यात मुक्कामाला धाडतात, हा भाग मला फार मोलाचा वाटतो. आपल्या कृषी विद्यापीठांतही एम.बी.ए. होते. आणि नोकरी करता करता शिकायचं असेल तर ‘इग्नू’ची दूरशिक्षणाची एम.बी.ए. आहेच. दोन वर्षं उत्पादक कंपनीत हिशोब लिहून, बाजार समितीत उभं राहून मग शिकायला गेलेलं पोरगं वर्गात प्रश्न विचारतं. कोरं गेलेलं नुसतं लिहून घेतं.

कर्ज काढायचंच झालं तर पी.एम. विद्यालक्ष्मी योजना पाहा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत यादीतल्या संस्थांसाठी विनातारण, विनाजामीन कर्ज मिळतं आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात ३ टक्के व्याजसवलत आहे. संस्था यादीत नसेल तर साडेसात लाखांच्या वर बँक सहसा तारण मागते. शेतजमिनीवर तिचा जीव बसत नाही, मग राहतं घर गुंततं. मुलींसाठी २०२४-२५ पासून राज्यात आठ लाखांच्या आतल्या घरांना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. पण प्रवेश सरकारी केंद्रीय फेरीतून हवा. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांना ती लागू नाही, आणि व्यवस्थापन कोट्यालाही नाही. पोरगी हुशार असेल तर सीईटीचा अभ्यास हीच मोठी बचत.

आता दोन शब्द तलाठीभाऊसाहेबांना, म्हणजे नव्या नावानं ग्राम महसूल अधिकाऱ्यांना. या साऱ्या सवलती उत्पन्नाच्या दाखल्यावर अडतात. प्रवेशाची फेरी चार दिवसांची असते आणि पोरगं सजाच्या कुलपापुढं बसलेलं असतं. एप्रिल लागला की चावडीवर एक दिवस ठरवा, ग्रामपंचायतीनं दवंडी द्यावी, बारावी आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या सगळ्या पोरा-पोरींचे अर्ज एकदमच तहसीलला धाडा. यासाठी वेगळा जी.आर. निघायची वाट पाहावी लागत नाही.