पाहुण्याचा सोहळा, यजमान उपेक्षित

१ मे हा महाराष्ट्र दिन. त्याच दिवशी साताऱ्यात गेली अनेक वर्षे ‘गुलमोहर दिन’ साजरा होतो. कवी, चित्रकार, रसिक झाडाखाली जमतात. फुलांसाठी एखादे शहर एकत्र येते, ही कौतुकाचीच गोष्ट आहे आणि आयोजकांच्या निसर्गप्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याच दिवसांत महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेले तामण जांभळ्या तुऱ्यांनी बहरलेले असते. राज्याच्या स्थापनादिनी त्या तामणाची आठवण किती जणांना होते?

कोणी विचारील, दसऱ्याच्या तोरणातला झेंडू तरी कुठला? तोही मेक्सिकोचाच. मान्य आहे. येथे रुजलेल्या रोपाशी वैर धरणे हा आपला संस्कार नव्हे. अतिथीला देव मानणारी आपली संस्कृती आहे. मात्र पाहुण्याला पाटावर बसवताना घरच्या वडीलधाऱ्यांना उंबऱ्याबाहेर काढावे, असे ती सांगत नाही.

साताऱ्यापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवरील कास पठाराचेच पाहा. जांभ्या खडकावरील मातीच्या पातळ थरात सपुष्प वनस्पतींच्या सुमारे ८५० जाती नोंदल्या गेल्या आहेत. सह्याद्रीच्या मोजक्या पठारांवर उगवणाऱ्या वायतुऱ्याच्या तर शास्त्रीय नावातच सातारा आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात कासचा समावेश झाला आणि मग आपली वाहने तिकडे धावू लागली. पण पाहतो काय? ‘कवला’ हे सुंदर नाव असलेले पिवळे फूल आमच्या मुलांना ‘मिकी माऊस’ म्हणून दाखवले जाते. ज्या लोकमानसाने एका नाजूक निळ्या फुलाला ‘सीतेची आसवे’ म्हटले, त्याच्या वारसांची ही दशा!

हा केवळ शब्दांचा वाद नाही. ज्याचे नाव ठाऊक नसते, त्याच्या नाशाचे दुःखही होत नाही. वर्षातील आठ महिने उजाड दिसणारा सडा परकीय महसुली दृष्टीला ‘पडीक’ वाटला. तीच दृष्टी आपण आजही वाहतो. वृक्षारोपणाच्या उत्साहात अशा पठारावर खड्डे खणणे म्हणजे पुण्याच्या नावाने केलेले पाप होय. एकोणिसाव्या शतकात शोभेसाठी आणलेली घाणेरी आज रानेच्या राने गिळत आहे, हे विसरून कसे चालेल?

लोकांनी मनावर घेतले तर काय घडते, याचे उदाहरण सांगली जिल्ह्यातच आहे. देवराष्ट्रेजवळच्या उजाड डोंगरांवर धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून आणि लोकसहभागातून सागरेश्वर अभयारण्य उभे राहिले. तीच जिद्द आता देशी फुलांसाठी हवी. सातारा-सांगलीच्या शाळांनी, गणेश मंडळांनी आणि गृहसंकुलांनी तामण, बहावा, पळस, पांगारा लावावेत. रानफुले मात्र उपटून कुंडीत आणू नयेत. त्यांच्या जागी जाऊन, वाटेवर उभे राहून त्यांची नावे शिकावीत.

भाद्रपदात अनेक घरांत तेरड्याच्या रोपांची गौर येते. रानफुलाला देव्हाऱ्यात मान देणारा हा समाज आहे. त्याला नवा उत्सव शिकवण्याची गरज नाही. स्वतःच्याच उत्सवाचा अर्थ आठवून देणे पुरेसे आहे. येत्या १ मे रोजी गुलमोहराखाली अवश्य जमावे, पण शेजारी एक तामण लावूनच घरी परतावे.