गाडी आली, करार कोठे आहे?

बर्लिनजवळील ग्रुनहाइडे येथील टेस्ला कंपनीच्या विजेवरील मोटारींच्या कारखान्याचे २२ मार्च २०२२ रोजी उद्घाटन झाले आणि पहिल्या ३० ग्राहकांना गाड्या मिळाल्या. समारंभास चॅन्सेलर शोल्त्स जातीने हजर होते. उत्पादन २०२१ च्या उन्हाळ्यातच सुरू व्हावयाचे होते. ग्राहकांना तिष्ठत ठेवल्याचे खापर सरकारी परवाना-पद्धतीवर फोडण्यात आले. वस्तुस्थिती काय होती? अंतिम परवाना मार्च २०२२ मध्ये मिळाला. तत्पूर्वीच तात्पुरत्या मंजुऱ्यांच्या बळावर झाडे तोडून कारखाना उभा राहिला होता. भांडवलाची अडवणूक झाली, हा कांगावा म्हणूनच टिकत नाही.

खरी प्रतीक्षा कामगारांच्या वाट्याला आली. कामगार प्रतिनिधी मंडळाची पहिली निवडणूक फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस, म्हणजे बहुसंख्य उत्पादन-कामगारांची भरती होण्यापूर्वीच, उरकण्यात आली. 'आय. जी. मेटाल' या धातुकामगारांच्या संघटनेने तेव्हाच इशारा दिला होता. २०२४ च्या निवडणुकीत ३९ पैकी १६ जागा जिंकून ती सर्वांत मोठा गट ठरली; परंतु बहुमत हुकले. फोक्सवॅगनच्या कामगारांना संघटनेशी झालेल्या वेतनकराराचे जे संरक्षण आहे, ते येथील कामगारांना ते वर्ष सरले तरी लाभले नाही.

धूर न ओकणारी मोटार स्वागतार्हच आहे. परंतु यंत्र बदलले म्हणून मालकशाही बदलत नाही. ग्राहकाच्या प्रतीक्षेला तारीख असते. कामगाराच्या हक्काला ती संघटनेनेच मिळवून द्यावी लागते. नव्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडण्यापूर्वी संघटना आत पोहोचली पाहिजे, हाच ग्रुनहाइडेचा धडा आहे.