सुटीचे गाव ठरवताना रेंजची चौकशी आधी करा

वाशीच्या फळबाजारातील अडत्याने बायकामुलांना घेऊन बाहेरगावी जावे तरी केव्हा? शाळांना सुटी लागते ती एप्रिल-मेमध्ये, आणि नेमका तोच देवगड-रत्नागिरीच्या हापूसचा भर. दिवाळीची सुटी पाहावी, तर तेव्हा काश्मीरचे सफरचंद उतरत असते. १९९६ साली बाजार मुंबईहून वाशीला आला, जागा बदलली. हंगाम आणि सुटी यांची टक्कर मात्र आहे तशीच राहिली.

ही कोंडी थोडीफार फोडली ती मोबाईलने. ३१ जुलै १९९५ रोजी देशातील पहिला मोबाईल कॉल झाला. त्या काळी आलेल्या कॉललाही पैसे पडत, त्यामुळे फोन खिशात असूनही व्यापारी एसटीडी बूथच शोधत असे. २००३ साली येणारे कॉल मोफत झाले आणि चित्र पालटले. आज भाव, गाडी कुठवर आली त्याची खबर, शेतकऱ्याची पट्टी, रकमेची देवघेव, बँकेचा ओटीपी, सगळे त्या एका यंत्रावर येते. मुलगा किंवा मुनीम गाळ्यावर असेल आणि मालकाचा फोन लागत असेल, तर चार दिवस बाहेर काढता येतात. फोन लागत नसेल तर नाही.

काही मंडळी म्हणतात, रेंज नसलेले गाव हीच खरी विश्रांती. महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होणाऱ्याने हे खुशाल म्हणावे. आंब्याची पेटी मालकाची सुटी संपेपर्यंत पिकायची थांबत नाही, आणि पट्टीकडे डोळे लावून बसलेला बागायतदारही थांबत नाही.

म्हणून ठिकाण निवडताना समुद्र किती जवळ आहे हे नंतर विचारावे. याचे सर्वांत कडू उदाहरण काश्मीरचे आहे. ५ ऑगस्ट २०१९ रोजी तेथील दळणवळण बंद झाले, ते सफरचंदाच्या हंगामाच्या तोंडावर. पोस्टपेड मोबाईल १४ ऑक्टोबरला सुरू झाले, फोर-जी इंटरनेट तर फेब्रुवारी २०२१ मध्ये परतले. मधल्या काळात बागवाला आणि बाजार यांचे बोलणेच तुटले होते. आजही आपल्याकडचे प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागते. हे श्रीनगरला उतरल्यावर कळून उपयोग नाही.

२२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर अनेकांनी काश्मीरच्या सहली रद्द केल्या आणि दुसरे ठिकाण शोधू लागले. नवी मुंबईकराला ते फार लांब शोधायला नको. पनवेल ओलांडले की कोकण सुरू होते. परंतु कोकणात रेंज ही गावागणिकच नव्हे, वळणागणिक बदलते. डोंगराची सोंड मध्ये आली की टॉवरची लहर अडते. चिऱ्याच्या जाड भिंतीच्या खोलीत ती आणखी क्षीण होते. अंगणात फोन लागतो, पलंगावर लागत नाही, असा अनुभव कोकणात ज्यांचे आजोळ आहे त्यांना सांगायला नको.

आमचे मत असे की मुक्काम मोठ्या गावात करावा आणि सुनसान किनारा दिवसा पाहून यावा. श्रीवर्धनला राहून हरिहरेश्वर करता येते. दापोलीला राहून हर्णै करता येते. तेथील मासळीचा लिलाव तर व्यापाऱ्याने मुद्दाम पाहावा, बोली कशी चढते ते कळते. घरात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असावीत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपापल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागतात. ते पाहावेत, पण नकाशा गावाचा रंग दाखवतो, खोलीचा नव्हे.

आता थोडे कोकणातील आपल्या घरगुती निवासवाल्यांविषयी. खोल्या बांधायला कर्ज काढलेले, किंवा आखाती देशातील भावाने पाठवलेली रक्कम लावलेली. अशा माणसाला गिऱ्हाईक गमावणे परवडत नाही, हे समजते. म्हणूनच फोनवर विचारले की ठरलेले उत्तर मिळते : 'रेंज आहे ना!' कोणत्या कंपनीची, कोणत्या खोलीत, वीज गेल्यावर किती वेळ, हे कोणी सांगत नाही. गिऱ्हाईक येते, अर्धा दिवस गच्चीवर फोन वर धरून फिरते आणि दुसऱ्या दिवशी सामान बांधून निघते. तोलात मारलेले माप आणि हे उत्तर यांत आम्हाला फरक दिसत नाही.

विजेचा प्रश्न तर मुळाचा आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर विजेचे खांब आडवे झाले, मोबाईल टॉवर बंद पडले आणि कित्येक गावे दिवसेंदिवस संपर्काबाहेर राहिली. टॉवरची बॅटरी काही तासांची. पुढे डिझेल पोहोचले तर टॉवर चालतो. मे अखेरच्या वळवाच्या पावसातही याची लहान आवृत्ती दिसते.

यावर निवासवाल्याच्या हातात एक उपाय आहे. गावात फायबरची जोडणी पोहोचली असेल तर ती घ्यावी आणि राउटर इन्व्हर्टरला जोडावा. देशात २०१९-२० पासून वाय-फायवरून साधा कॉल लावण्याची सोय आहे. फोनमध्ये ती सुरू केली की टॉवरची रेंज नसलेल्या खोलीतही आपल्याच नंबरवर कॉल येतो. इन्व्हर्टरचा खर्च एका हंगामात निघू शकेल, कारण अशा खोलीसाठी व्यापारी गिऱ्हाईक चार पैसे जास्त द्यायला तयार असते. आणि आपले गिऱ्हाईक मे महिन्यातच येते असे नाही. हापूस आटोपल्यावर जूनमध्ये अडत्याचा हात थोडा मोकळा होतो, तेव्हा किनाऱ्यावरच्या खोल्या रिकाम्या असतात. आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी कंपनी, खोली आणि बॅटरीचे तास कळवणारा निवासवाला त्या रिकाम्या दिवसांतही बुकिंग मिळवील.