हजार व्यापारी, एकच बिल

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि अवघ्या सात आठवड्यांत, विवरणपत्राच्या पहिल्याच मुदतीच्या तोंडावर, त्याचे संकेतस्थळ कोलमडले. २० ऑगस्टची मुदत २५ ऑगस्टवर न्यावी लागली. वस्तुतः ते विवरणपत्र म्हणजे नुसता गोषवारा होता. बिलागणिक तपशिलाची फाइल चढवावयाचे विवरणपत्र पुढेच होते, आणि त्याची मुदत तर अनेकदा लांबली.

या गोंधळाची कारणे अनेक असतील. परंतु अशा यंत्रणांच्या तपासणीत एक चूक सर्रास होते, आणि तिची चर्चा क्वचितच होते. भारचाचणी ही नाटकाच्या रंगीत तालमीसारखी असावी अशी अपेक्षा असते. जेमीटरसारखे साधन हजारो काल्पनिक व्यापारी एकाच वेळी दारात उभे करते व प्रत्येकाच्या नावे फाइल पाठवून पाहते. फाइल मात्र पुष्कळदा एकच असते! सारे जण तेच बिल, त्याच क्रमांकाचे, त्याच रकमेचे घेऊन येतात. दुसऱ्या खेपेपासून ही नोंद एकतर पुनरुक्ती म्हणून नाकारली जाते, नाही तर जुन्याच नोंदीवर पुन्हा लिहिली जाते. साठा वाढत नाही, शोधसूची वाढत नाही, आणि अहवालात सारे आलबेल दिसते.

यावर उपाय एकच : प्रत्येक खेपेस नवी फाइल घडवणे. तो वाटतो तितका सोपा नाही. बिलाचा क्रमांक सोळा अक्षरांच्या आत हवा, आणि त्या व्यापाऱ्याच्या आर्थिक वर्षात तो पुन्हा येता कामा नये. करदात्याचा क्रमांक पंधरा अक्षरांचा. त्यातील शेवटचे अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने निघते. ते चुकले की फाइल उंबरठ्यावरूनच परत फिरते व आतल्या यंत्रणेवर भार पडतच नाही. छोट्या कारखानदाराची वीस बिले आणि घाऊक व्यापाऱ्याची हजारो, हे प्रमाणही राखले पाहिजे. शिवाय फाइली घडवता घडवता चाचणी घेणारे यंत्रच दमले, तर मोजमाप त्याच्याच दमाचे होते. म्हणून मोठ्या फाइलींचे साचे आधी तयार ठेवून ऐनवेळी केवळ क्रमांक व तारखा भरणे शहाणपणाचे. खऱ्या व्यापाऱ्यांच्या फाइली वापरण्याचा सोपा मार्ग काहींना सुचतो. पण कोण कोणाला काय भावाने माल देतो, ही माहिती चाचणीच्या ठेकेदाराहाती देणे गैर आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने मुद्दा खर्चाचा आहे. चाचणीत हात आखडता घेणारा एक, आणि त्याची किंमत मोजणारा दुसरा. ही किंमत मुदतीच्या रात्री अकरा वाजता पेढीत फिरते चक्र पाहत बसलेला कारकून मोजतो. पहिल्या तीन महिन्यांचे विलंब शुल्क सरकारने माफ केले, हे न्याय्यच झाले. त्या रात्रींचा हिशेब मात्र कोणत्याच खात्यात पडला नाही. पुढे जानेवारी २०२० मध्ये २०, २२ व २४ अशा तीन तारखा ठरवून गर्दी पांगवण्यात आली. उपाय चांगला, पण तो दाराबाहेरचा.

सरकारी यंत्रणेच्या ठेक्यात चाचणीच्या अहवालाबरोबर फाइली घडवणारी आज्ञावलीही स्वाधीन करण्याची अट असावी. म्हणजे मुदतीच्या आठवडाभर आधी सरकारी तपासनिसाला तीच चाचणी स्वतः घेऊन पाहता येईल.