लांब रंगाचे माहात्म्य

ब्रिजच्या टेबलावर ज्या काही आज्ञा नवशिक्याला पहिल्या आठवड्यातच तोंडपाठ होतात आणि पुढे तीस-तीस वर्षे त्याच्या मानगुटीवरून उतरत नाहीत, त्यांत ‘बिनहुकमी डावात सर्वांत लांब रंग आधी खेळावा’ ही आज्ञा अग्रगण्य होय. तिच्या समर्थनार्थ सांगितली जाणारी कारणे इतकी सयुक्तिक दिसतात, की तिच्याविरुद्ध बोलणारा मनुष्य केवळ पांडित्य मिरवतो आहे असा समज व्हावा. आठ पाने आपल्याकडे, पाचच प्रतिपक्षाकडे; ती पाच १०० पैकी सुमारे ६८ वेळा तीन-दोन अशी विभागलेली असतात; तीन फेऱ्यांत ती संपली की आपल्या तिर्री-चौकीलाही एक्क्याची प्रतिष्ठा येते. जेथे पाने अधिक तेथे हात अधिक, इतका हा सरळ हिशेब. हा पूर्वपक्ष मी मुद्दाम त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला, कारण त्यातील एकही विधान खोटे नाही. खोटा आहे तो त्यातून काढलेला निष्कर्ष.

वस्तुतः या आज्ञेचे मूळ गाव ब्रिज नव्हे, व्हिस्ट होय. व्हिस्टमध्ये चौघेही परस्परांची पाने न पाहता खेळत, आणि ‘कॅव्हेंडिश’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या हेन्री जोन्सने १८६२ साली त्या खेळाची तत्त्वे ग्रंथरूपाने मांडली, त्या काळी लांब रंगातून उतारी करण्यामागे हात मिळवण्याच्या आशेइतकाच समोरच्या भिडूला आपल्या पानांची खबर पोचवण्याचाही हेतू असे. आपल्याकडे मेंढीकोट खेळताना भिडूच्या चेहऱ्याकडे आणि त्याच्या पहिल्या पानाकडे आशाळभूतपणे पाहत बसलेल्या प्रत्येकाला ही निकड समजेल. परंतु ब्रिजमध्ये डाव खेळणाऱ्याचा भिडू पाने उघडी मांडून चहा मागवायला मोकळा झालेला असतो. त्याला कसली खबर द्यायची? शिवाय १९२५ साली हॅरॉल्ड व्हँडरबिल्टने जलप्रवासात काँट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धती बसवली, तेव्हापासून आपण आधी जेवढे बोललो तेवढेच हात गेमच्या खात्यात जमा होतात. व्हिस्टमध्ये मिळतील तितके हात हवे असत. येथे नऊ बोललात तर नऊ हवेत. ज्या खेळात पाने झाकलेली होती आणि गरजेचा आकडा ठरलेला नव्हता, त्या खेळाचा फतवा, ज्यात सव्वीस पाने डोळ्यांसमोर आहेत आणि आकडा दप्तरात नोंदलेला आहे अशा खेळात जसाच्या तसा अमलात आणणे म्हणजे जुन्या संस्थानच्या सनदेवर नव्या जिल्ह्यात शेतसारा वसूल करण्यापैकी आहे.

हे नुसते तत्त्वज्ञान वाटू नये म्हणून एक डाव समोर ठेवतो. जिमखान्यात त्या सायंकाळी माझे भिडू होते आमच्या मंडळीतील वडीलधारे अण्णा. बोली तीन बिनहुकमीची, खेळणारे ते, आणि डमी मी. अण्णांकडे इस्पिकचे एक्का, अठ्ठी, तिर्री. बदामचे राजा, छक्की. चौकटचे दश्शी, अठ्ठी, पंजी. आणि किलवरचे एक्का, राणी, गुलाम, दश्शी, तिर्री. मी मांडली ती पाने अशी: इस्पिकची सत्ती, चौकी, बदामचे एक्का, राणी, गुलाम, दुर्री, चौकटचे एक्का, राणी, गुलाम, नव्वी, किलवरची सत्ती, पंजी, चौकी. डावीकडच्या गृहस्थांनी इस्पिकचा राजा उतरला, मागोमाग राणी, मग गुलाम. अण्णांनी एक्का दोनदा दाबून धरला आणि तिसऱ्या फेरीला घेतला, येथवर बृहस्पतीलाही दोष काढता आला नसता. इस्पिकचा एक, बदामचे चार, चौकट आणि किलवर यांचे एक्के दोन, असे सात हात खिशात होते; दोन कमवायचे होते.

अण्णा बदामवरून माझ्या पानांत आले, किलवरची पंजी पुढे केली आणि हातातून राणी घातली. डावीकडून राजा पडला, त्यावर इस्पिकची उरलेली दोन पाने ठणठणीत वाजली, आणि डाव एका हाताने बुडाला. “आठ पानांचा रंग होता रे,” अण्णा म्हणाले, “राजा उजवीकडे असता तर अकरा हात होते. दैव!”

आता दैवावरील ही फिर्याद तपासून पाहू. किलवरचा राजा कोणाकडे, हा प्रश्न निम्मे-निम्मे शक्यतेचा. चौकटच्या राजाचेही तेच. तेव्हा शक्यता सारखीच असेल तर लांब रंग का घेऊ नये, असा अण्णांचा युक्तिवाद, आणि तो ऐकून टेबलाभोवतीच्या तिघांनी माना डोलावल्या. पण शक्यता सारखी असली म्हणून परिणाम सारखा होत नाही. किलवरचा डाव फसला तर राजा घेणारा मनुष्य डावीकडचा, म्हणजे ज्याच्या मुठीत इस्पिकची देणी वसूल करायला टपलेली पाने आहेत तोच. उलट, हातातली चौकटची दश्शी पुढे करून समोरून नव्वी टाकली असती, तर राजा उजवीकडे असला तरी जो आत येतो त्याच्याजवळ इस्पिकच नाही. आणि समजा असलेच, तर ती आठ पाने चार-चार वाटली गेली आहेत, तेव्हा आणखी एकच हात जातो आणि नऊ शिल्लक राहतात. राजा घेऊन त्याने लबाडीने किलवर परत केले असते तर? निमूटपणे एक्का घालायचा, मोह आवरायचा आणि चार बदाम, तीन चौकटी मोजून घ्यायच्या. सात पानांच्या त्या आखूड रंगात फिनेस साधला तरी डाव होता, फसला तरी होता. एक्का दोनदा दाबून धरण्याचे सगळे प्रयोजनच हे, की उजवीकडच्याचे इस्पिक संपावे. ते पीक उभे करून अण्णांनी दुसऱ्याच शेतात विळा चालवला.

मग रंग निवडायचा कशावरून? माझ्या मते प्रथम वजाबाकीवरून: किती हवेत, त्यातून किती हातात आहेत. त्यानंतर मुदतीवरून: रंग वसूल होईपर्यंत प्रतिपक्षाला कितीदा आत येऊ द्यावे लागेल, आणि त्यांच्या रंगाला अडवणारी पाने आपल्याकडे तितकी आहेत का. समोर किलवरची राणीपासून खाली सहा पाने एका ओळीत झळकत असतात. एक्का-राजा दोन्ही बाहेर, आणि समोर जायला दुसऱ्या रंगातली वाट एकच. त्या सहांचे वैभव बव्हंशी कागदावरचेच. आणि अखेरीस, कोण आत येतो यावरून. हे शेवटचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण नेमके तेच लांबी मोजून कळत नाही.

याच्या विरुद्ध टोकाला बसलेले टक्केवारीचे उपासकही मला तितकेच अमान्य आहेत. सहा पाने तीन-तीन वाटली जाण्याची शक्यता ३५.५ टक्के आणि फिनेसची ५०, म्हणून फिनेस, असे ते तत्काळ जाहीर करतात. एक्का, राजा, राणी आणि एक लहान पान असा रंग समोर असेल आणि हातात त्यातलीच तीन असतील, तर आधी त्या तीन फेऱ्या खेळून पाहाव्यात. पाने सरळ पडली तर चौथे पान हात देते, न पडली तर फिनेस आहेच. दोन्ही मिळून शक्यता जवळपास ६८ टक्क्यांवर जाते. मात्र पाने चार-दोन पडली तर प्रतिपक्षाचे चौथे पान आपणच तयार करून दिलेले असते, आणि नंतर फिनेस फसला तर तेही वसूल होते. तो जादा हात परवडणार असेल तरच हा मार्ग, एरवी नव्हे.

जोडीच्या स्पर्धेत मात्र माझी भूमिका मवाळ आहे. तेथे एकेका जादा हाताला मोल असते, आणि अकराच्या आशेने नऊ पणाला लावणे क्वचित शहाणपणाचेही ठरते. पण त्या सायंकाळी आम्ही रबर खेळत होतो, आणि बिनहुकमीतले जादा दोन हात म्हणजे फक्त ६० गुण, ज्यासाठी अण्णांनी १०० गुणांचा गेम उधळला. मी हे त्यांना सांगितले. त्यांनी ऐकले, पानसुपारीची डबी उघडली आणि बंद केली.

दुसऱ्याच डावात त्यांना चौकटची सहा पाने आली. तेथे तोच रंग खेळायला हवा होता, कारण दुसऱ्या कोणत्याही रंगातून हात निघतच नव्हते. त्यांनी तो खेळला, एक्का बाहेर काढला, आणि पाच हात सलग ओढताना प्रत्येक पानागणिक चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. पुढची वाटणी माझी होती. मी पाने पिसू लागलो.