पावसाचा आकडा जपायचा कुठे? मंडळांच्या नोंदींना बॅकअपचं वेळापत्रक हवं

मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते. 64 वर थांबला तर नाही. शेतकऱ्याच्या वावरात गुडघाभर पाणी असलं तरी कागदावर बोलतो तो मंडळाचा आकडा. हा आकडा आता तलाठ्याच्या वहीत नसतो, तर स्वयंचलित हवामान केंद्रातून थेट डेटाबेसमध्ये जातो. फळपीक विम्याचंही तेच. रावेर-यावलच्या केळीवाल्याला भरपाई मिळणार की नाही, हे सलग किती दिवस तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे राहिलं यावर ठरतं. मधल्या एका दिवसाची नोंद गायब झाली की 'सलग' हा शब्दच तुटतो.

राज्यात 'महावेध' प्रकल्पातून महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक केंद्रं बसली. प्रत्येक केंद्राने दर 10 मिनिटांनी एक नोंद पाठवली, तर दिवसाला 144 होतात. दोन हजार केंद्रांच्या 2 लाख 88 हजार, म्हणजे वर्षाला साडेदहा कोटींच्या आसपास. केंद्राच्या 'विंड्स' योजनेत तर पर्जन्यमापक ग्रामपंचायतीपर्यंत न्यायचे आहेत, आणि राज्यात ग्रामपंचायती आहेत सुमारे 28 हजार. एवढ्या पसाऱ्याची रोज रात्री पूर्ण प्रत काढत बसलं तर काही महिन्यांत रात्र पुरणार नाही.

त्यामुळे बॅकअपची आखणी भाग पाडूनच करावी लागते. केंद्र कुठे आहे, सेन्सर कधी बदलला, इशाऱ्याची मर्यादा किती, ही माहिती आकाराने किरकोळ, पण तीच गेली तर बाकीच्या आकड्यांना अर्थ उरत नाही. तिची प्रत रोज हवी. मोजमापांचे महिनावार कप्पे करायचे. बंद झालेल्या महिन्यात बदल होत नाहीत, त्याची प्रत एकदा नीट काढून तपासली की झालं. चालू महिन्यासाठी डेटाबेसमधल्या बदलांची नोंदवही सतत दुसरीकडे पाठवत राहायची, म्हणजे बिघाड झाला तरी काही मिनिटांपूर्वीपर्यंत मागे जाता येतं. वेळही बघावी लागते. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी 8.30 ला संपतो, त्याच सुमारास आकडेमोड चालते. तेव्हा जड बॅकअप लावणं म्हणजे ऐन बाजाराच्या दिवशी रस्ता खोदणं.

'आमच्याकडे दुसरा सर्व्हर आहे' हे उत्तर नेहमी ऐकायला मिळतं. तो बॅकअप नव्हे. मूळ ठिकाणी चुकून नोंदी पुसल्या, की जोडलेल्या सर्व्हरवरही त्या क्षणात पुसल्या जातात. दक्षिण कोरियाच्या डेजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला सप्टेंबर 2025 मध्ये आग लागली, त्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायलींचा 858 टेराबाइटचा साठा जळाला. त्याची बाहेर प्रतच नव्हती. पसारा फार मोठा म्हणून काढली नव्हती. गिटलॅब या कंपनीत जानेवारी 2017 मध्ये कर्मचाऱ्याने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, ऐनवेळी एकही धड कामाला आली नाही. रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्याने गुपचूप बंद पडला होता, आणि त्याचे इशारे देणारे ईमेल पोहोचतच नव्हते. सुदैवाने एक सहा तास जुनी प्रत सापडली, तेवढ्यावर निभावलं.

म्हणून प्रत काढणं हे निम्मंच काम. ती दुसऱ्या यंत्रावर उघडून एखाद्या मंडळाचा ठरावीक दिवसाचा पाऊस मूळ आकड्याशी ताडून बघणं हे उरलेलं, आणि नेमकं तेच टाळलं जातं. महिन्यातून एकदा हे व्हावं, आणि कोणी केलं त्याची सही असावी.

आणखी एक गोष्ट दुर्लक्षित राहते. बऱ्याच निरीक्षण प्रणाली जागा वाचवायला जुन्या मूळ नोंदी काही काळाने पुसतात, उरते फक्त सरासरी. विम्याचा वाद मात्र हंगाम संपल्यावर, कधी वर्षभरानेही उभा राहतो. तेव्हा शेतकरी सरासरी मागत नाही, त्या रात्रीचा आकडा मागतो. मूळ नोंदी किती वर्षं ठेवायच्या, प्रत जिल्ह्याबाहेर कुठे राहणार आणि ती उघडून बघण्याची जबाबदारी कोणाची, हे केंद्रं चालवणाऱ्या कंत्राटात लिहिलेलं असायला हवं. ग्रामपंचायतींच्या नव्या केंद्रांची कंत्राटं करतानाच हे विचारून घेता येईल.